शिक्कामोर्तब : ताम्रपटापासून घरगुती ठशापर्यंत

एखादी गोष्ट कायमची ठरली, आता तीत फेरफार होणे नाही, असे सांगावयाचे असले म्हणजे आपण 'शिक्कामोर्तब झाले' असे म्हणतो. हा शब्द इतका अंगवळणी पडला आहे की त्यात दोन निरनिराळ्या वस्तू सामावलेल्या आहेत याची आठवणही कोणास होत नाही. शिक्का म्हणजे पत्राच्या माथ्यावर उमटणारी मोठी मुद्रा. मोर्तब म्हणजे मजकूर संपला तेथे उठविलेली धाकटी मुद्रा. पहिली सांगे, 'हे कोणाच्या अधिकाराने लिहिले'. दुसरी सांगे, 'येथे लिहिणे संपले, यापुढे कोणी एक अक्षर घुसडू नये'. मराठी दप्तरात या दोन्ही उमटल्यावाचून राजपत्रास पुरते बळ येत नसे. आरंभी ओळख आणि अखेरीस मर्यादा, अशी ही जोडी होती.

ज्या वस्तूस एके काळी एवढी प्रतिष्ठा होती ती आज किती सुलभ झाली आहे हे पाहावयास फार दूर जावयास नको. ठाणे, कल्याण, डोंबिवली या गावांतून रेल्वे स्थानकाच्या किंवा कचेऱ्यांच्या आसपास फिरले असता रबरी शिक्के करून देणाऱ्यांच्या पाट्या नजरेस पडतात. त्याहूनही नवल हे की, हा उद्योग आता दुकानाची पायरी सोडून घरात येऊ शकतो. प्रकाशाने घट्ट होणारी एक राळ, जिला फोटोपॉलिमर म्हणतात, काचेची दोन तावदाने, अतिनील किरणांच्या नळ्यांची एक पेटी आणि साबणाचे कोमट पाणी एवढ्या साहित्यावर घरच्या टेबलावर तासाभराच्या आत उत्तम शिक्का तयार होतो. राजाच्या कोठीतली वस्तू गृहस्थाच्या टेबलावर आली. हा प्रवास कसा झाला आणि तो होत असता शिक्क्याचे मूळ बळ कोठे गेले, हा आमच्या विवेचनाचा विषय आहे.

ठाण्यापासूनच आरंभ करू. ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांनी बांधावयास घेतला. १७३७ साली तो मराठ्यांनी व १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी घेतला. आज त्यात मध्यवर्ती कारागृह आहे. १७८७ साली या किल्ल्यात नव्या बांधकामासाठी पाया खणीत असता शिलाहार राजा अरिकेसरी याचा शके ९३९, म्हणजे इ. स. १०१७ मधील, दानाचा ताम्रपट सापडला. त्याचे इंग्रजी भाषांतर 'एशियाटिक रिसर्चेस'च्या पहिल्याच खंडात प्रसिद्ध झाले. कोकणच्या इतिहासाची आधुनिक पद्धतीने छाननी ज्या लेखांपासून सुरू झाली त्यांत या पटाची गणना करावी लागेल.

ताम्रपटाची बांधणी मोठी विचारपूर्वक केलेली असते. पत्र्यांना भोक पाडून त्यांतून एक जाड कडी ओवीत व कडीची टोके जेथे मिळत तेथे राजाची मुद्रा ठोकीत. शिलाहार स्वतःस सुवर्णगरुडध्वज म्हणवीत, आणि त्यांच्या पटांवर मुद्रेत गरुडाचीच आकृती असते. येथे मुद्रा शोभेची नव्हती. ती कुलुपाचे काम करीत होती. कडी तोडल्यावाचून पत्रा काढता येत नाही, घालताही येत नाही. आणि कडी तोडली की ते लपत नाही. कागदावरच्या मोर्तबाने जे काम पुढे शाईने केले तेच काम येथे धातूने केले आहे.

मुद्रेचे महत्त्व जेवढे मोठे तेवढाच तिच्या नकलेचा मोह मोठा, हे आपल्या पूर्वजांस पक्के ठाऊक होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मुद्राध्यक्ष नावाचा स्वतंत्र अधिकारी आहे. प्रवाशाने एक माष देऊन त्याजकडून मुद्रांकित परवाना घ्यावा व मगच देशात यावे-जावे, असा नियम तेथे सांगितला असून बनावट मुद्रा बाळगणाऱ्यास दंड लावला आहे. याज्ञवल्क्याने दानपत्र राजाने स्वतःच्या मुद्रेने चिन्हित करावे असे सांगितले. आणि मनुस्मृतीने खोटी राजशासने करणाऱ्यास देहदंडच सांगितला. ज्या समाजात अशी कलमे लिहावी लागली त्या समाजात अशी कृत्येही होत असली पाहिजेत, हे उघड आहे. तेव्हा 'पूर्वीचे लोक सचोटीचे, खोटे शिक्के ही अलीकडची पैदास' असे म्हणण्यात काही अर्थ नाही.

शिवकालात आले म्हणजे मुद्रा हा केवळ अधिकाराचा नव्हे, तर ध्येयाचाही उच्चार होतो. २८ जानेवारी १६४६ च्या पत्रावर शिवाजीमहाराजांची सुप्रसिद्ध अष्टकोनी मुद्रा आहे. दरबारी मुद्रा फारसीत कोरण्याची चाल रूढ असता ही मुद्रा संस्कृतात आहे, आणि आपले राज्य प्रतिपदेच्या चंद्रकोरीप्रमाणे वाढत जाणारे व लोककल्याणासाठी आहे, असा तिचा आशय आहे. पुढे १६५७ साली कल्याण-भिवंडी महाराजांच्या ताब्यात आली. कल्याणच्या व्यापाऱ्यांची नावे कान्हेरीच्या प्राचीन शिलालेखांत दानकर्ते म्हणून येतात. अशा जुन्या बंदराच्या कारभारावर आता या चंद्रकोरीच्या मुद्रेचा अंमल सुरू झाला.

पेशव्यांच्या मुद्रेची गोष्ट तर याहूनही बोधप्रद आहे. अटकेपर्यंत फौजा नेणाऱ्या पेशव्यांच्या शिक्क्यात अग्रभागी नाव असते ते छत्रपतींचे. पेशवा आपणास केवळ त्यांचा मुख्य प्रधान म्हणवितो. सत्ता सगळी पुण्यास होती, पण मुद्रा साताऱ्याकडे बोट दाखवीत होती. शिक्का म्हणजे 'मी बलवान आहे' अशी गर्जना नव्हे; 'मी अमक्याच्या वतीने बोलत आहे, व त्यास उत्तर देण्यास बांधलेला आहे' अशी ती कबुली होय. शिक्क्याची ही व्याख्या वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

या सर्व काळात शिक्का ही दुर्मीळ वस्तू होती, कारण ती घडविणारा हात दुर्मीळ होता. धातूवर किंवा दगडावर अक्षरे उलटी कोरावयाची, तीही इतकी लहान की बोटाच्या पेरात संपूर्ण वाक्य मावावे, हे वर्षानुवर्षांच्या तालमीने साधणारे काम. शिक्का खोटा करावयाचा म्हणजे तशाच कसबी माणसास फितवावे लागे. सारांश, कारागिरी ही स्वतःच एक पहारेकरी होती.

हा पहारा उठविण्याचे काम रबराने केले. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यास असे आढळून आले की, रबरात गंधक मिसळून ते तापविले असता ते उन्हाळ्यात चिकट व हिवाळ्यात ठिसूळ होण्याचे सोडून कायमचे लवचीक राहते. १८४४ साली त्याने या कृतीचे पेटंट घेतले. दंतवैद्य तिच्याच आधारे कृत्रिम दातांच्या कवळ्या करू लागले. आणि त्यांच्या छोट्या तापयंत्रांतूनच १८६० नंतरच्या दशकात पहिले रबरी शिक्के निघाले. पहिला मान कोणाचा याविषयी अमेरिकेत अनेकांचे दावे आहेत; त्या वादात शिरण्याचे आम्हांस कारण नाही.

रबरी शिक्क्याची जुनी कृती अशी. छापखान्यातील जुळाऱ्याप्रमाणे खिळे जुळवून मजकूर एका चौकटीत घट्ट आवळावयाचा. त्यावर प्लास्टर दाबून साचा घ्यावयाचा. साचा वाळला की त्यावर कच्च्या रबराची चकती ठेवून दाबाखाली तापवावयाची. खिळा उलटा, साचा सुलटा, रबर पुन्हा उलटे आणि कागदावरचा ठसा सुलटा, असा चार उड्यांचा हा खेळ आहे. यात कोरक्याची गरज उरली नाही. उलटी अक्षरे खिळ्यांत आयतीच होती. आणि देवनागरी खिळे कोठून आले? जावजी दादाजी यांनी १८६४ साली मुंबईत खिळ्यांचा कारखाना काढला व १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला. त्यांच्या व इतर ओतकामकारांच्या खिळ्यांनी ग्रंथांस जसे सौंदर्य आणले तसेच मराठी शिक्क्यांसही शक्य केले. मात्र रबर तेथे पुस्तकाइतके सुखी नव्हते. जोडाक्षरे, रफार, उकार यांची दाटी लहानशा वर्तुळात मावेना. मात्रा तुटत, अनुस्वार झिजत. कित्येक जुन्या शिक्क्यांवर संस्थेचे नाव अर्धे वाचावयाचे व अर्धे तर्काने जाणावयाचे असते ते यामुळेच.

तथापि अशा ओबडधोबड शिक्क्यांनी आपल्या गावांतून केलेले कार्य लहान नाही. त्याच १८६४ साली कल्याणास सार्वजनिक वाचनालय स्थापन झाले. मुंबई-ठाणे रेल्वे १८५३ च्या एप्रिलात सुरू झाली व पुढच्याच वर्षी कल्याणपर्यंत पोचली होती. तिच्या पाठोपाठ दहा वर्षांत ही संस्था उभी राहिली. १८९३ साली ठाण्यास मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले. 'महाराष्ट्र सारस्वत'कार विनायक लक्ष्मण भावे हे त्याच्या संस्थापकांपैकी होत. वाचनालयाच्या ग्रंथावर संस्थेचा शिक्का असतो व त्याबरोबर दाखल क्रमांक असतो. तो क्रमांक नोंदवहीत सापडतो, म्हणूनच शिक्क्यास अर्थ आहे. नोंदवही जळाली तर उरतो तो केवळ शाईचा डाग. राजमुद्रेचे बळ राजात होते. वाचनालयाच्या शिक्क्याचे बळ त्याच्या वहीत आहे. शिक्का राजाकडून संस्थेकडे आला तेव्हा त्याचा आधारही सिंहासनावरून दप्तरात उतरला. आमच्या मते लोकसत्ताक जीवनाची ही एक बारीक पण खरी खूण आहे.

आता प्रकाशाकडे वळू. ज्या १८३९ साली गुडइयर यास रबराचे रहस्य उलगडले त्याच साली स्कॉटलंडात मुंगो पाँटन याने दाखविले की, बायक्रोमेट लावलेल्या कागदावर प्रकाशाचा परिणाम होतो. त्याच्याही आधी फ्रान्समध्ये निएप्स याने डांबराच्या एका जातीचा थर उजेडात घट्ट होतो हे ताडून त्यावर चित्रे घेतली होती. टॅल्बट याने १८५२ साली बायक्रोमेट मिसळलेल्या जिलेटिनाचा उपयोग ठसे कोरण्याकडे केला. जुन्या मासिकांतील चित्रांचे जे जस्ताचे 'ब्लॉक' असत ते याच विद्येचे फळ. उजेड लागेल तेथे घट्ट, न लागेल तेथे धुऊन जाणारे, हे एकच तत्त्व सगळ्यांच्या मुळाशी आहे. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेतील ड्यू पाँ कंपनीच्या लुई प्लँबेक याने याच तत्त्वावर छपाईचा संपूर्ण ठसाच कृत्रिम राळेचा केला; पुढे द्रवरूप राळा निघाल्या, आणि छापखान्यातून शिक्क्याच्या धंद्यात त्यांचा शिरकाव झाला. ज्या दोन शोधांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता ते शतकानंतर घरगुती शिक्क्यात एकत्र आले.

कृती थोडक्यात सांगतो. संगणकावर मजकूर जुळवून पारदर्शक पत्र्यावर त्याची निगेटिव्ह छापावयाची; म्हणजे भूमी काळीभोर व अक्षरे आरपार. ती काचेवर ठेवून, छापलेली बाजू राळेकडे येईल अशी मांडली की अक्षरे आपोआप उलटी उतरतात. कोरक्यास जे साधावयास वर्षे लागत ते येथे एक पत्रा पालथा घातल्याने साधते. निगेटिव्हवर एक पातळ पारदर्शक पापुद्रा, भोवती पट्टीचा बांध, आत बुडबुडे न येऊ देता हळूच ओतलेली राळ, वर आधाराचा पत्रा व दुसरी काच. प्रथम आधाराच्या बाजूने थोडे सेकंद प्रकाश द्यावयाचा, त्याने शिक्क्याची बैठक घट्ट होते. मग उलटून निगेटिव्हच्या बाजूने त्याहून बराच अधिक वेळ, त्याने अक्षरे बैठकीपर्यंत रुजतात. नंतर साबणाच्या कोमट पाण्यात मऊ कुंचल्याने धुतले की न घट्टावलेली राळ निघून जाते. शेवटी पाण्यात बुडवून पुन्हा प्रकाश दिला म्हणजे चिकटपणा जातो. बैठकीचा प्रकाश अधिक झाला तर अक्षरे उथळ होतात, निगेटिव्हकडचा कमी झाला तर बारीक मात्रा धुताना वाहून जातात; म्हणून पहिली पट्टी नेहमी परीक्षेची करावी.

घरात हे काम करणाऱ्यांनी दोन पथ्ये पाळावी. कच्ची राळ कातडीस लागू देऊ नये, तिने खाज व पुरळ उठू शकते. आणि किरणांच्या नळ्यांकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नये. धुवणाचे पाणी तसेच मोरीत ओतू नये. ते उथळ भांड्यात उन्हात ठेवावे, राळ घट्ट झाली की गाळून वेगळी करावी. उल्हास नदी व ठाण्याची खाडी यांनी आजवर पुष्कळ सोसले आहे. तीत घरगुती उद्योगाची भर नको.

या नव्या कृतीचा देवनागरीस झालेला लाभ मोठा आहे. खिळ्यांची मर्यादा गेली. संगणकात जे अक्षर आहे ते शिक्क्यात उतरू शकते. २०१४ साली मोडी लिपीसही युनिकोडमध्ये स्थान मिळाल्यामुळे मोडीचा शिक्काही घरबसल्या करता येतो. शाळेतील शिक्षिका, ग्रंथप्रेमी गृहस्थ, हस्तव्यवसाय करणारी गृहिणी यांस आपल्या नावाचा, आवडीच्या नक्षीचा ठसा करता येणे ही आनंदाचीच गोष्ट होय. ज्या गावांतील माणसांचा निम्मा दिवस लोकलगाडीत जातो त्या गावांत घरी बसून होणारा, भांडवल थोडे व हातास काम देणारा उद्योग तुच्छ लेखण्यासारखा नाही.

परंतु कारागिरीचा जो पहारा आम्ही वर सांगितला तो आता पूर्णपणे उठला आहे, हे विसरून चालणार नाही. जो यंत्र चालवितो त्याच्या हाती कोणाच्याही नावाचा शिक्का आहे. डॉक्टराचा, मुख्याध्यापकाचा, नोटरीचा, गृहनिर्माण संस्थेच्या चिटणिसाचा. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत बनावटीच्या हेतूने खोटी मुद्रा करणाऱ्यास व बाळगणाऱ्यास कलम ४७२ व ४७३ यांनी कडक शिक्षा सांगितली होती; १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतही तो अपराध आहेच. पण कायदा हेतू शोधतो, आणि हेतू हा गुन्हा घडल्यावर शोधावयाचा असतो. शिक्का करणारा मात्र गुन्ह्याच्या आधी, गिऱ्हाइकासमोर उभा असतो. कोरक्याच्या दुर्मीळपणाने जे काम होई ते आता त्याच्या विवेकानेच व्हावयाचे आहे.

यावर कोणी म्हणेल, शिक्क्याचे दिवसच भरले आहेत. मग एवढी काळजी कशास? २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने अंकीय स्वाक्षरीस मान्यता दिली. २०१४ च्या सुमारास केंद्र शासनाने प्रमाणपत्रांच्या नकलांस अधिकाऱ्याच्या शिक्क्याऐवजी अर्जदाराची स्वतःची सही पुरेशी मानण्याचा आग्रह धरला. २०१५ च्या दुरुस्तीने कंपन्यांस सामाईक मुद्रा ठेवण्याची सक्ती उरली नाही. हे सर्व खरे. पण याचा अर्थ शिक्का निरर्थक झाला असा नव्हे. केवळ ठशावर विसंबणे शासनानेही सोडले असा आहे. शिवाय १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाखाली नोंदलेल्या ज्या असंख्य गृहनिर्माण संस्था या तिन्ही गावांत आहेत त्यांच्या भागपत्रावर, पावतीवर, ना-हरकत दाखल्यावर शिक्का उठतोच. आणि त्या कागदावर एखाद्या कुटुंबाची आयुष्याची कमाई उभी असते. त्या शिक्क्याचे बळ कशात आहे? सभेच्या इतिवृत्तात, सभासदांच्या नोंदवहीत, आणि विचारल्यास उत्तर देणाऱ्या चिटणिसात. वाचनालयाच्या शिक्क्याचाच हा न्याय आहे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. जो कोणी हा उद्योग घरात मांडील त्याने पहिल्या दिवशी राळेच्या बाटलीबरोबर एक बांधीव वहीही आणावी. केलेल्या प्रत्येक शिक्क्याचा एक ठसा तीत उमटवावा. शेजारी तारीख, कोणी करवून घेतला, संस्थेचे अधिकारपत्र दाखविले की नाही, हे लिहावे. संस्थेचा वा अधिकाऱ्याचा शिक्का लेखी मागणीवाचून करू नये. केवळ नमुन्याचा ठसा दाखवून 'असाच हवा' म्हणणाऱ्यास नम्रपणे परत पाठवावे. यात एखादे गिऱ्हाईक जाईल. पण ज्याच्याजवळ वही आहे त्याचा शिक्का व ज्याच्याजवळ नाही त्याचा शिक्का यांत शाईचा रंग सारखा असूनही फरक राहील.

या वहीचा आणखी एक उपयोग आहे, आणि इतिहासाच्या वाचकांस तो विशेष रुचेल. कोणत्या वर्षी कोणती शाळा निघाली, कोणत्या चाळीची इमारत होऊन संस्था बनली, कोणते मंडळ, कोणते वाचनालय, कोणता दवाखाना कधी उदयास आला, हे सरकारी दप्तरांत विखुरलेले असते. शिक्का करणाऱ्याच्या वहीत ते क्रमाने, ठशासह उतरलेले असेल. अरिकेसरीच्या पटाने हजार वर्षांपूर्वीच्या ठाण्याची जशी साक्ष दिली, तशी आजच्या ठाणे-कल्याण-डोंबिवलीची साक्ष देणारे साधन एखाद्या घरच्या टेबलावर तयार होत असेल, तर त्यात अशक्य काय? राळ काही वर्षांत झिजेल, शिक्का फेकला जाईल. प्रामाणिकपणे ठेवलेली वही मात्र उरेल, आणि त्या शिक्क्यांचे खरे मोर्तब तीच असेल.